वाचणारीची पाटी

पत्र्याच्या त्या लांब शेडमध्ये बायकांच्या दोन रांगा समोरासमोर बसायच्या, आणि त्या दोन रांगांत एकाच बाईच्या अंगठ्याचं नख शाबूत होतं. ती धाकटी. बाकीच्यांच्या अंगठ्यांना चिरा पडलेल्या, चिरांत धूळ भरलेली आणि वर चिंध्या बांधलेल्या. दिवसभर भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या म्हणजे दुसरं काय होणार? बियाण्याच्या शेंगा यंत्रात घालता येत नाहीत. यंत्र दाण्याचं साल खरवडतं, दाणा दुभंगतो आणि दुभंगलेला दाणा मातीत कुजून जातो. म्हणून पेरणी तोंडावर आली की वस्तीतल्या बायका सकाळी डोक्याला फडकं बांधून शेडमध्ये जायच्या, आणि संध्याकाळी दाण्यांची पाटी काट्यावर ठेवून, मजुरीसाठी तिचं वजन ऐकून घरी परतायच्या.

धाकटीचं नख शाबूत होतं, कारण ती वाचायची. दारातून उजेड येतो तिथं भिंतीला टेकून बसायची आणि मोठ्यानं पुस्तक वाचायची. तिच्या पुढ्यातही पाटी असायची, पण ती भरायच्या बाकीच्या. पान उलटलं की आसपासच्या दोघीतिघी आपल्या पाटीतले मूठभर दाणे तिच्या पाटीत टाकायच्या. पुढच्या पानाला त्यांच्या पलीकडच्या. कुणी मोजत नव्हतं आणि कुणी चुकवतही नव्हतं. वाचणारीची पाटी रिकामी जाऊ द्यायची नाही, हा शेडचा जुना नियम होता.

नियम आणखीही होते. पुस्तक घरी न्यायचं नाही, ते शेडमध्येच खुंटीला पिशवीत टांगलेलं राहणार. वाचणारीनं एकटीनं पुढं वाचायचं नाही, जे कळेल ते सगळ्यांना एकदमच कळेल. आणि शेडमधल्या कुणीही कागद आणून दिला, मग तो दवाखान्याचा असो की पोराच्या शाळेचा, तर वाचणारीनं नाही म्हणायचं नाही. धाकटीच्या आधी एक चष्मेवाली म्हातारी वाचायची. तिची नजर गेली तेव्हा शेड एक अख्खा हंगाम मुकं होतं. त्याच वर्षी धाकटीच्या सासूनं धाकट्या मुलासाठी मुली पाहायला सुरुवात केली. धाकटीच्या माहेरी गेल्यावर तिनं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारलं नाही. कोनाड्यातला जुना पेपर उचलून मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, वाच. मुलीनं वाचलं. सासू डोळे मिटून ऐकत राहिली आणि उठताना म्हणाली, ही आमची.

त्या घरात आता सासू, थोरली, धाकटी, अशा तिघी शेडमध्ये जायच्या. थोरलीचा नवरा गवंडी होता, रोज वेगळ्या गावी कामाला. धाकटीचा नवरा शेडमध्येच काट्यावर होता. संध्याकाळी एकेकीची पाटी ठेवून घ्यायची, रिकाम्या पाटीचं वजन वजा करायचं आणि आकडा शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायचा, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. पण कुणी इस्त्रीचा शर्ट घालून समोर आला की त्याच्या पाठीचा कणा वितळायचा, आणि थोरलीला त्याचा याच गोष्टीसाठी संताप यायचा.

थोरलीला संतापायला तसं निमित्त लागायचं नाही. अक्षर म्हणाल तर तिला एक येत नव्हतं. लहानपणी तिला शाळेच्या दारातून परत आणलं होतं, घरी धाकटं भावंड रडत होतं म्हणून. ते तिनं आजवर कुणाला माफ केलं नव्हतं, त्या भावंडालाही नाही.

यंदा पुस्तक होतं ते दीपगृहावरच्या बाईचं. मुखपृष्ठ गेलेलं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. समुद्रातल्या खडकावर एक उंच मनोरा, त्यावर दिवा. दिवा सांभाळणारा माणूस वारला आणि त्याची बायको तिथंच राहून दिवा लावत राहिली. बंदराचा अंमलदार म्हणतो, बाईमाणसाला हे काम देता येत नाही, तेल फुकट जातंय, दिवा बंद करा. बाई म्हणते, खाली जहाजं आहेत. शेडमधल्या एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. धाकटीनंही नाही. पण त्या पुस्तकानं वस्तीची जीभ बदलली. आजारी शेजारणीची चौकशी करायची तर बायका विचारू लागल्या, दिवा आहे ना लावलेला? कुरबुर करणारा नवरा अंमलदार झाला. त्या अंमलदाराचा एक बूट चालताना करकरायचा, म्हणून दारातून कुणी चुकीच्या वेळी आलं की खोकली नावाची एक बाई खोकता खोकता म्हणायची, बूट वाजला गं.

एकदा थोरलीचा नवरा संध्याकाळी कामावरून तापून आला आणि दारातूनच ओरडायला लागला. थोरली चुलीपुढून उठली नाही. पुस्तकातली बाई खालून हाका मारणाऱ्यांना म्हणायची तेच तिनं शांतपणे म्हटलं, "आवाज खाली ठेवून वर या. वर दिवा आहे." नवऱ्यानं मान वर करून छपराचा बल्ब पाहिला. तो होता तसाच होता. मग तो गुपचूप हातपाय धुवायला गेला. हे दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कळलं तेव्हा हसून हसून बायकांच्या पोटात दुखलं. त्या दिवशी पाट्या नेहमीपेक्षा लवकर भरल्या.

मग तो माणूस आला.

यंदा काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता. शेंगा काळ्या पडल्या, टरफलं चिवट झाली, दाणा आत चिकटून बसू लागला. जोर लावला की फुटायचा. बियाणं घेणाऱ्यांनी काही गोणी परत पाठवल्या. पावसाला जाब विचारता येत नाही, म्हणून मालकांनी शहरातून एक सुपरवायझर पाठवला. त्याच्या शर्टाच्या बाहीवरची घडी शेडच्या त्या धुळीतही संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं.

इस्त्रीसाहेब पहिला दिवस नुसता हिंडला. दुसऱ्या दिवशी धाकटी वाचत होती. अंमलदार शिपायांना घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्या चढतोय, बाई वरच्या दारात हातात तेलाचा डबा घेऊन उभी आहे, पुस्तकाची शेवटची थोडीशी पानं राहिलेली. शेडमध्ये टरफलांचा आवाजही दबकत येत होता. इस्त्रीसाहेब आला आणि त्यानं धाकटीच्या हातातलं पुस्तक वरच्या वर उचलून घेतलं. कान गोष्टीत असले की हात मंदावतात आणि दाणे फुटतात, असं त्याचं म्हणणं. त्यानं पुस्तक उलटसुलट पाहिलं, उंदरांनी खाल्लेल्या कडेला बोट लावलं, बोट रुमालाला पुसलं आणि पुस्तक आपल्या टेबलाच्या खणात टाकून किल्ली फिरवली.

बोलायला हवं होतं, पण सगळ्या मूग गिळून बसल्या. धाकटी उठून रांगेत आली, सासू आणि थोरलीच्या मध्ये बसली आणि शेंगा फोडू लागली. तिला सवय नव्हती. दुपारपर्यंत तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं. सासूनं आपल्या फडक्याची कड फाडून तिच्या अंगठ्याला बांधली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वर पत्रा तापायचा, खाली टरफलांची धूळ, आणि मध्ये नुसता कटकट आवाज. गोष्ट चालू असताना पाठ दुखते हे कळायचं नाही. आता प्रत्येकीला आपली पाठ वेगळी कळू लागली. दोघीजणी पाण्याच्या तांब्यावरून भांडल्या. खोकलीचा खोकला पूर्वीही तेवढाच होता, पण आता सगळ्यांना त्याचा राग येऊ लागला. दाणे फुटायचे तसे फुटतच राहिले, कारण ते पावसानं खराब झाले होते, गोष्टीनं नव्हे. हे शेडमधल्या मांजरालाही समजलं असतं.

इस्त्रीसाहेबाला मात्र दुसरीच गोष्ट समजली. तो भिंतीला सूचना चिकटवायचा आणि त्या कुणी पाळायचं नाही. तो स्वतः उभं राहून सांगायचा, तर बायका हो हो म्हणायच्या आणि त्याची पाठ वळली की धाकटीला विचारायच्या, खरंच तसं लिहिलंय का? धाकटी भिंतीजवळ जाऊन वाचायची आणि सांगायची, हो, तसंच लिहिलंय. मग ती सूचना पाळली जायची. हे असं का, ते त्यानं काटेवाल्याला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, विचारलं. काटेवाल्याला त्यात अभिमान वाटला असावा, किंवा भीती, त्याच्या बाबतीत दोन्ही सारखंच. तो म्हणाला, "साहेब, माझ्या मिसेसनं वाचलं की बायकांना पटतं."

त्याच संध्याकाळी धाकटीच्या हातात कागद आला. उद्या सकाळी सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणून घरी एकदा नीट वाचून ये, असं इस्त्रीसाहेब म्हणाला. तिला बसायला खुर्ची मिळेल आणि पुढं ऑफिसातलं काम मिळू शकेल, असंही म्हणाला. तिनं कागद घेतला. कुणी कागद पुढं केला की घ्यायचा, एवढंच तिच्या हाताला ठाऊक होतं.

घरी उजेड होता तोवर अंगणात सगळे बसले होते. थोरलीच्या नवऱ्याला यायला अवकाश होता. सासूच्या पुढ्यात परातीत निवडायला घेतलेले वाल होते. तिच्या बोटांचे सांधे फुगलेले, करंगळी तर कधीच सरळ होत नव्हती. धाकटीनं कागद उघडला आणि वाचायला लागली. शेडमध्ये वाचायची त्याच आवाजात, स्वल्पविरामाला थांबून, वाक्याच्या शेवटी आवाज खाली टेकवून. तिला दुसरा आवाजच नव्हता. कागद अवघड भाषेत होता. चालू हंगामात निर्माण झालेली परिस्थिती लक्षात घेता, असं काहीबाही. पहिला परिच्छेद संपला तशी सासूनं सवयीनं मूठभर वाल उचलले आणि धाकटीच्या मांडीवर टाकले. मग पुढचं वाक्य आलं.

"ज्या महिलांचे वय साठीच्या पुढे आहे, किंवा वयोमानानुसार ज्यांच्या हातांची क्षमता कमी झाली आहे, अशा महिलांनी सोमवारपासून कामावर येऊ नये. त्यांनी आजवर केलेल्या सेवेबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे."

धाकटी थांबली. मांडीवरचे वाल तिला तेव्हा दिसले.

सासूनं विचारलं, ऋणी म्हणजे काय? धाकटीनं सांगितलं, उपकार मानतात. म्हातारी पुन्हा वाल निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "मग समोर येऊन सांगावं ना, बाई, हात थकले तुझे, बस आता घरी. मी काय भांडले असते? कागदाआडून कशाला ढकलायचं?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दिरावर उलटली. हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं तिनं तीनदा विचारलं आणि तीनदा त्यानं उत्तर टाळलं. मग म्हणाला, हिनं वाचलं की बायकांना पटतं, एवढंच मी साहेबांना सांगितलं, कागदात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. आणि असतं तरी काय? हिनं नाही वाचलं तर उद्या भोंगा आणून लावतील, भोंग्याला काही लाज नसते. वाचलं तर निदान हिची जागा राहील, माझी राहील. आईनं अजून किती दिवस शेंगा फोडायच्या?

"ते आईंनी ठरवायचं होतं," धाकटी म्हणाली. "तुम्ही माझा आवाज विकून आलात."

"वाचायला काय जातंय तुझं? लिहिलंय त्यांनी. तुला फक्त मोठ्यानं वाचायचंय."

फक्त मोठ्यानं वाचायचं. हे वाक्य थोरली आयुष्यभर विसरणार नव्हती. ज्यांना वाचता येतं त्यांनाच असलं बोलायचा माज असतो, असं तिला वाटलं. जिला वाचता येत नाही तिला विचारा, कुणाच्या तोंडून काय ऐकलं याचं वजन किती असतं ते. दवाखान्याचा कागद धाकटीनं वाचला होता म्हणून खोकलीनं औषध घेतलं होतं. पोरगा नापास झाल्याचा कागद धाकटीनं वाचला म्हणून एका आईनं पोराला मारलं नव्हतं. आणि त्याच तोंडानं आता सासूला हाकलायचं.

धाकटीनं कागद घडी करून परातीशेजारी ठेवला आणि सासूला म्हणाली, मी नाही वाचणार. सासूनं मान हलवली. म्हणाली, "नाही कसं म्हणशील? कागद हातात घेतलास. आणि त्यात मी एकटी नाही. माझ्यासारख्या बऱ्याच आहेत रांगेत. त्यांना उद्या दारावर अडवून हाकलतील, त्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. पण नीट वाच. गाळू नको काही."

सकाळी शेडच्या दाराशी लोखंडी खुर्ची ठेवलेली होती. धाकटी तिच्यावर बसली नाही, शेजारी उभी राहिली. पुढ्यात तिची पाटी होती, कुणीतरी सवयीनं आणून ठेवलेली. बायकांना वाटलं, पुस्तक मिळालं. रांगांमधून एक कुजबुज गेली, फडकी नीट बांधली गेली, एकीनं तर पहिली मूठ भरून हातात तयार ठेवली. इस्त्रीसाहेब मागं हाताची घडी घालून उभा होता आणि काटेवाला काट्याशेजारी, काट्याची सुई नीट आहे का ते उगाच पाहत.

धाकटीनं कागद वाचला. काही गाळलं नाही. स्वल्पविरामाला थांबली, वाक्याच्या शेवटी आवाज टेकवला. फक्त त्या कडक कागदाचा आवाज येत होता. पुस्तकाचा तसा कधी आला नव्हता. साठीच्या पुढे, ही ओळ आली तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं विचारलं, माझं किती गं? कुणालाच नक्की माहीत नव्हतं. खोकलीनं फडक्यात तोंड धरून खोकला आतल्या आत दाबला, जसं काही खोकला ऐकू आला तर तिचंही वय वाढणार होतं. ते पाहून थोरलीला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला.

कागद संपला. जिनं मूठ भरून ठेवली होती तिनं ती हळूच आपल्याच पाटीत सोडली. धाकटीच्या पुढ्यातली पाटी रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे शेडमधल्या प्रत्येकीला दिसत होतं.

तेव्हा सासू उठली. तिला उठायला वेळ लागायचा, आधी एक गुडघा, मग हात जमिनीवर, मग दुसरा गुडघा. वाकड्या बोटांच्या मुठीत तिनं आपल्या पाटीतले दाणे घेतले. ती चालत सुनेसमोर आली आणि तिनं मूठ रिकाम्या पाटीत सोडली. दाणे पाटीच्या तळाशी वाजले.

"आई, काय करताय?" धाकटीचा आवाज फुटला.

"वाचलंस ना? मग मूठ द्यावी लागते. नियम आहे."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं आयुष्यभर तो नियम पाळला होता आणि शेडमधल्या शेवटच्या दिवसांत तिला तो मोडायचा नव्हता. धाकटी खाली बसली. पाटीतला एकेक दाणा वेचून तिनं मुठीत घेतला, एकही मागं ठेवला नाही. मग ती सासूच्या जागेपर्यंत गेली आणि ते दाणे तिनं सासूच्या पाटीत परत टाकले.

"ही मूठ मी घेणार नाही," ती म्हणाली. "हे मी वाचलेलं नाही. माझ्याकडून वाचून घेतलंय."

इस्त्रीसाहेब म्हणाला, झालं ते झालं, आता कामाला लागा, बियाणं दोन दिवसांत गेलं पाहिजे. सोमवारच्या आत गोणी भरायच्या होत्या त्याला, म्हाताऱ्यांचे हातही तोवर हवेच होते. तेवढा हिशेब त्याचा पक्का होता.

बायका शेंगा फोडू लागल्या. कट, कट, कट. धाकटी रांगेत येऊन बसली. थोरलीला तो आवाज ऐकवेना. तिनं हातातली शेंग खाली टाकली, दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे समोर उघडले, आणि चिरा पडलेल्या, धुळीनं भरलेल्या त्या तळव्यांकडे पाहत धाकटीच्या आवाजात सुरुवात केली.

"अंमलदार पायऱ्या चढत होता," ती म्हणाली. "त्याचा बूट करकरत होता. बाई वरच्या दारात डबा घेऊन उभी होती."

शेड थांबलं. मग टरफलांचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण दबकत, गोष्टीतला.

पुढं काय लिहिलंय हे थोरलीला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. ते खणात होतं. म्हणून ती जसं सुचेल तसं वाचत गेली. अंमलदाराचा शर्ट कडक इस्त्रीचा होता, असं तिनं वाचलं. घाम आला तरी त्याची घडी मोडत नव्हती. शिपाई मागं राहिले. एवढ्या उंच चढायची अंमलदाराला सवय नव्हती, त्याच्या कामाच्या सगळ्या जागा तळमजल्यावर असायच्या. कुणीतरी फिसकन हसलं. खोकली म्हणाली, ढकल म्हणावं त्याला. पलीकडून कुणी म्हणालं, तेल ओत पायऱ्यांवर. थोरलीनं तळव्यांवरून नजर न काढता सांगितलं, "तेल ओतायचं नाही. तेल दिव्याचं आहे. त्याच्यापायी एक थेंब नाही घालवायचा."

आणि तिनं तळहाताचं पान उलटलं. समोरच्या दोघींनी मुठी भरून तिच्या पाटीत टाकल्या.

इस्त्रीसाहेब टेबलावरून उठून आला. हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं.

"वाचन," थोरली म्हणाली.

"पुस्तक कुठंय?"

"तुमच्या खणात."

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात चालू होते आणि नेहमीपेक्षा वेगानं चालू होते. हात मंदावले असते तर त्याला काही म्हणता आलं असतं. तो परत फिरला तेव्हा त्याच्या पायात चप्पल होती, बूट नव्हता, तरी खोकली म्हणालीच, वाजला गं.

त्या दिवशी धाकटीला पहिल्यांदाच कुणी वाचून दाखवत होतं. ती मान खाली घालून शेंगा फोडत होती. फडकं बांधलेला अंगठा दुखत होता, त्यातून रक्त येत होतं, पण ती थांबली नाही. मूठभर दाणे झाले की ते थोरलीच्या पाटीत, पुढची मूठ सासूच्या पाटीत. पुन्हा थोरली, पुन्हा सासू. स्वतःच्या पाटीत तिनं एक दाणा टाकला नाही. दुपार झाली, पाणी पिऊन झालं, तरी तिची पाटी होती तशीच. थोरलीनं अंमलदाराला मनोऱ्याच्या शेवटच्या पायरीवर आणून बसवलं होतं. दमलेला, बूट काढून हातात घेतलेला. बाई आत गेली होती आणि तिनं दार लावून घेतलं होतं. वर दिवा चालू होता. पुढचं उद्या वाचते, असं म्हणून थोरलीनं तळवे मिटले.

संध्याकाळी पाट्या काट्यावर आल्या. काटेवाला एकेकीचा आकडा वाचत होता. सासूची पाटी आली. त्यानं आईकडे न पाहता वजन वाचलं, आणि ते यंदाचं तिचं सगळ्यात मोठं वजन होतं. थोरलीची पाटी आली. तीही भरलेली. मग धाकटी आली आणि तिनं आपली पाटी काट्यावर ठेवली.

तो हळूच म्हणाला, "अगं, रिकामी आहे. घरी जा. इथं नको."

"सगळ्यांचं वाचून दाखवता. माझंही वाचा."

त्यानं सुईकडे पाहिलं. पाटीचं वजन वजा केलं. "शून्य," तो पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वाचायला काय जातंय तुमचं? फक्त मोठ्यानं वाचायचंय."

बायका पाट्या हातात घेऊन उभ्या होत्या, एकही घरी निघाली नव्हती. काटेवाल्यानं टेबलाकडे पाहिलं. इस्त्रीसाहेब खणाला किल्ली लावत होता, त्यानं मान वर केली नाही. मग काटेवाल्यानं आईकडे पाहिलं. ती आपली सुजलेली बोटं दुसऱ्या हातानं दाबत उभी होती.

"वाच," म्हातारी म्हणाली. "नीट वाच. गाळू नको."

त्यानं घसा साफ केला. "वाचणारी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. पुन्हा म्हणाला, आता शेवटच्या बाईपर्यंत गेला. "वाचणारी, शून्य."

धाकटीनं पाटी उचलली. दाराशी, जिथं उजेड येतो तिथं, आपल्या जुन्या जागेवर तिनं ती उपडी घातली. मग ती सासूचा हात धरून थोरलीबरोबर घरी निघाली.